सहावी पायरी

आमचं घर साताऱ्यात मोती चौकाजवळ, जुनं, आणि जुन्या घरात बाथरूम झोपायच्या खोलीपासून जमेल तितकी लांब बांधायची असा काहीतरी नियमच असावा, कारण आमची खाली परसात आहे, मधे सोळा पायऱ्या, त्यातली सहावी करकरते. तर गेला महिनाभर मी रोज रात्री ती सहावी वाजवतोय. बारा, दीड, तीन. पाचची मी धरत नाही, ती उठायचीच वेळ झाली. बायको धरते.

"अहो, एकदा शुगर बघून घ्या."

"थंडीचं होतं असं."

मे महिना होता.

मग तहान. उशाशी तांब्या असायचा, त्याचा कधी जग झाला कळलंच नाही. तोंडाला अशी कोरड की जीभ टाळूला चिकटून बसते. मी म्हणायचो पाणी पितो म्हणून जावं लागतं, तर आई देवघरातून म्हणाली, उलटं आहे रे, जावं लागतं म्हणून पाणी लागतंय! शेजारच्या काकांनी प्रोस्टेटचा विषय काढला. तेही असू शकतं म्हणा, पण चौकात ओरडून सांगायचं काय कारण?

मी बधलो तो मुंग्यांमुळे. रात्री तीनला बाथरूमच्या कोपऱ्यात काळी रांग. लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनी कधीच लिहून ठेवलंय, मधुमेह नाव उगाच पडलं नाही. घाम फुटला. सकाळी बायकोने झाडताना रांगेचा माग काढला तर ती जात होती खुंटीवरच्या माझ्या शर्टाच्या खिशात, तिथे कागदात गुंडाळलेला अर्धा कंदी पेढा. म्हणजे मुंग्या निर्दोष, मी नाही.

लगेच उपाशीपोटी रक्त दिलं. १२६ च्या पुढे गेलं की डायबेटिस धरतात, माझी १९२. एकदा खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी परत, तर १८८. डॉक्टर म्हणाले, साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती आवरत नाही, लघवीत सांडते, आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे आई बरोबर. घरात हे मी अजून कबूल केलेलं नाही.

आता गोळी चालू आहे, राजवाड्यावरून घरी येताना पेढेवाल्यांच्या दुकानांसमोरून मान खाली घालून चालतो, फेऱ्याही कमी झाल्यात. परवा तर मुद्दाम सहावी पायरी ओलांडून, मांजरासारखा खाली गेलो, तसाच वर आलो, हळूच पांघरूण ओढलं.

अंधारातून आवाज आला, "दोन."