आधी नारळ, मग टेप

समजा उद्या सकाळी उठलात आणि कळलं की मुंबईच्या लोकलमध्ये नव्या गाड्या आणायची जबाबदारी तुमच्यावर आलीय. घाबरून जाऊ नका. रोज पंचाहत्तर लाखाच्या आसपास लोक ज्या गाड्यांना लटकून ऑफिसला जातात त्या गाड्यांचं प्लॅनिंग काय असतं हो, एक गाडी मागवायची, रंग ठरवायचा, नारळ फोडायचा, बाकी होतं आपोआप. तरी चार गोष्टी सांगून ठेवतो, अनुभवी माणूस आहे मी, म्हणजे बावीस वर्षं दरवाजात उभा राहतोय.

गाडी आधी मागवा, मोजमाप नंतर. पुलाखालून जाईल का हे आधी बघायला नको का, असं कुणी विचारलंच तर त्याला एप्रिल 2016 ची आठवण करून द्या. देशातली पहिली एसी लोकल चेन्नईहून कुर्ला कारशेडला आली, सगळ्यांनी फोटो काढले, सेंट्रल रेल्वेवाल्यांनी कॉलर ताठ केली आणि मग लक्षात आलं की सीएसएमटी ते कुर्ला मधले इंग्रजांच्या काळातले पूल बुटके आहेत आणि गाडी उंच. आता ते पूल काय काल रात्री कुणी आणून ठेवले नव्हते, शंभर वर्षं तिथेच आहेत. मग गाडी वेस्टर्न रेल्वेला पाठवली आणि 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटला धावली. आली तेव्हापासून मोजलं तर वीस महिने, एवढ्यात माणसाचं पोर चालायला लागतं. सेंट्रलला पहिली एसी मिळाली जानेवारी 2020 मध्ये, ती पण ठाणे-पनवेल ट्रान्सहार्बरवर, आणि मेन लाइनवर कमी उंचीची गाडी यायला डिसेंबर उजाडला.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून लाजू नका. स्पेनमध्ये 2020 साली उत्तरेकडच्या डोंगराळ भागासाठी 31 गाड्यांची ऑर्डर दिली, नंतर कळलं की त्या तिथल्या बोगद्यातून जाणार नाहीत. नशीब गाड्या अजून बनल्या नव्हत्या. तिथे 2023 मध्ये मोठमोठ्या लोकांनी राजीनामे दिले म्हणे, पण ते तुम्ही मनावर घेऊ नका, युरोपातल्या लोकांना सवयच असते उगाच टोकाला जायची.

आता मुख्य मुद्दा, शब्द. "वाढवल्या" हा शब्द पाठ करा. दहा एसी फेऱ्या वाढवल्या. प्रत्यक्षात काय असतं, पीक अवरला तीन-चार मिनिटांनी एक गाडी जाते, मधे दुसरी घुसवायला फटच नाही, त्यामुळे नवी एसी आणायची तर आहे त्यातली एक साधी काढूनच तिच्या जागी घालावी लागते. म्हणजे वाढत काहीच नाही, बदलतं. पण "बदलल्या" असं लिहिलं की लोक लगेच विचारतात आमची कुठे गेली. ऑगस्ट 2022 मध्ये सेंट्रलला दहा एसी फेऱ्या अशाच "वाढवल्या" तेव्हा कळव्याला कारशेडमधून निघणारी गाडी लोकांनी अडवली, तिकडे बदलापूरलाही लोक पेटले, आणि आठवड्याच्या आत दहाच्या दहा परत घ्याव्या लागल्या. लोकांना बेरीज-वजाबाकी येते हीच मोठी अडचण आहे बघा, शाळेत कशाला शिकवतात काय माहीत.

भाड्याचं पण नीट लावून घ्या. आधी भाव असा ठेवा की गाडी रिकामी धावेल, मग बातम्या येतील की एसी लोकलला प्रतिसाद नाही, मग 5 मे 2022 ला केलं तसं सिंगल तिकीट अर्ध्यावर आणा, 65 चे 30 करा, टाळ्या घ्या. पासाचे दर मात्र तसेच राहू द्या. लोकलने रोज जाणारा माणूस पास काढतो हे खरंय पण टाळ्या वाजवणारा कधीतरी जाणारा असतो ना.

दरवाजाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथेच सगळे नवशिके फसतात. बंद दरवाजाची गाडी म्हणजे नुसता दरवाजा नसतो, सेकंद असतात. साध्या लोकलला दरवाजाच बंद होत नाही त्यामुळे गाडी सुटली की सुटली, कोण कुठे लोंबकळतोय तो ज्याचा त्याचा प्रश्न. एसीचा दरवाजा लागल्याशिवाय गाडी हलत नाही. समजा प्रत्येक स्टेशनला दहा सेकंद जास्त गेले आणि पंचवीस स्टेशनं आहेत, अडीचशे सेकंद झाले, म्हणजे चार मिनिटांच्या वर, म्हणजे मागची गाडी येऊन ढुंगणाला लागली. हे गणित टाइमटेबल करताना काढू नका. गाडी लेट झाली की "प्रवाशांनी सहकार्य करावे" अशी अनाउन्समेंट आहेच.

परवाच आमच्या स्टेशनवर (कुठलं ते सोडा, सगळी सारखीच) संध्याकाळची एसी आली, दरवाजा लागत होता, मधे एका पोराची लॅपटॉपची बॅग. दरवाजा उघडला, परत लागायला लागला, आता तीच बॅग आणि शिवाय एक काकूंची ओढणी. आतून कुणीतरी ओरडलं, "अरे बॅग पुढे घे ना, आख्खी गाडी थांबलीय तुझ्यासाठी," तो म्हणाला, "पुढे घ्यायला जागा असती तर मागे कशाला असती." तिसऱ्या वेळेला लागला. तेवढ्यात शेजारच्या ट्रॅकवरून एक साधी फास्ट निघून गेली, दरवाजात लटकलेले आमच्याकडे बघून हात हलवत होते, अगदी दया आल्यासारखे.

हसण्यावारी नेतोय खरं, पण त्याच लटकण्यापायी 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांमधली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि जीव गेले. त्याच दिवशी जाहीर झालं की आता नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे, बिगर एसीला सुद्धा. मग प्रश्न आला की दरवाजे लावले तर त्या चेंगराचेंगरीत हवा कुठून येणार, म्हणून दरवाजांना झडपा, छतावरून हवा आत ढकलायची सोय आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट असं नवं डिझाइन. चांगलंच आहे. फक्त हा विचार करायला माणसं पडायची वाट बघायची असते, ही प्लॅनिंगमधली पायरी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, ती मी सांगतोय.

एक वाईट उदाहरण पण सांगतो, त्यातून काही शिकू नका. पूर्वी मुंबईच्या लोकल 1500 व्होल्ट डीसीवर चालायच्या, ते 25000 व्होल्ट एसीवर न्यायचं होतं (हा एसी वेगळा, गार हवेचा नाही, यात बरेच लोक घोटाळा करतात, मी पण केलाय). तर काही लोकांनी काय केलं, 2007 पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या दोन्ही करंटवर चालतील अशाच बनवून घेतल्या. मग वायरी बदलत गेले, वेस्टर्नचं 2012 ला झालं, सेंट्रल मेनचं 2015 ला, हार्बरचं 2016 ला, आणि इकडे गाड्या चालूच. 2015 मध्ये वेस्टर्नला आणखी नव्या गाड्या आल्या तशा तिकडच्या जांभळ्या सेंट्रलला दिल्या. नारळ कुठे फुटला कुणाच्या लक्षातही नाही. असं काम केलं तर तुमचं नाव कोण घेणार?

त्यापेक्षा आकडे मोठे बोला. 238 एसी गाड्या. 2016 च्या मंजुरीत 47, मार्च 2019 च्या मंजुरीत 191, मग 2023 ला टेंडर, मग 2025 ला पुन्हा नवं टेंडर, आता डबे मोजायचे म्हणजे आकडा अजून छान दिसतो, 2856. या गाड्या रात्री झोपणार कुठे, धुणार कुठे, रिपेअर करायला माणसं किती, लांब गाडी आणली तर प्लॅटफॉर्म पुरेल का, असे प्रश्न मीटिंगमध्ये कुणी काढले तर त्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका. पहिल्या एसी लोकलच्या वेळी रेकच (म्हणजे डबे जोडलेली अख्खी गाडी) एक होता, दिवसाला बारा फेऱ्या त्याच्यावर आणि शनिवार-रविवार देखभालीसाठी सुट्टी. सरकारी नोकरी लागावी तशी लागली होती गाडी.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत, सेकंड क्लासचा पास प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, इंजिनकडून तिसरा डबा ठरलेला (लोकलला इंजिन नसतं हे त्यांना कितीदा सांगितलं). त्यांची गाडी एसी झाली. आता ते रोज इंडिकेटरखाली उभे राहतात आणि गाडी वळणावर दिसली की डोळे बारीक करून शेजारच्याला विचारतात, "ही आपली का त्यांची?" त्यांची असली की सोडतात, मागच्या साध्या गाडीत दोन गाड्यांची माणसं एकत्र चढतात. अशा लोकांना भेटायला जाऊ नका, प्रेझेंटेशन बिघडतं. पाहणी करायचीच असेल तर दुपारी साडेबाराला जा, बसायला मिळेल, एसी पण छान लागेल.

आणि हो, उद्घाटनाच्या दिवशी गाडीला झेंडूचे हार घालाल ते दरवाजापासून लांब बांधा. फुलं दरवाजाच्या खालच्या खाचेत पडली की दरवाजा सरकत नाही, आणि मंत्री आत असताना तीनदा उघडझाप झाली तर तुमच्यावर येईल.