कुत्र्याची वर्गणी आणि बैलघोडा

दोन दिवस डोकं नुसतं तापलंय. आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर एका पोराने मेसेज टाकला, गल्लीतल्या लालीला टेम्पोने उडवलं, मागचा पाय मोडलाय, प्लेट बसवायची तर डॉक्टर 28 हजार सांगतात, जमेल तेवढं द्या. लगेच खाली एका काकांचं उत्तर, "टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर माणसं फुटपाथवर झोपतात आणि तुम्ही कुत्रीसाठी वर्गणी काढताय?" त्यावर धडाधड अंगठे.

मी विचारलं, काका, त्या माणसांसाठी तुम्ही शेवटची वर्गणी कधी काढलीत? तर म्हणे, तू लंडनला बसून आम्हाला शिकवू नकोस.

बरं, मग लंडनचंच ऐका. माझ्या ऑफिसच्या वाटेवर पीडीएसए या जनावरांवर उपचार करणाऱ्या संस्थेचं चॅरिटी शॉप आहे, पोरांचे लहान झालेले कपडे मी तिथेच देते. ही संस्था मारिया डिकिन नावाच्या बाईने 1917 साली काढली, पहिलं महायुद्ध चालू होतं, व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत, ज्यांना डॉक्टर परवडत नाही त्यांच्या जनावरांसाठी. एनएचएस, म्हणजे माणसांसाठीची सरकारी मोफत आरोग्यसेवा, आली 1948 ला! म्हणजे तब्बल 31 वर्षं आधी. आधी माणसांचं सगळं होऊ दे मग जनावरांचं बघू, असं ती म्हणत बसली असती तर? आजही युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यावर, जगणाऱ्याच्या कुत्र्यावर तिथे फुकट नाहीतर कमी पैशात उपचार होतात आणि कोणी तोंड वाकडं करत नाही.

आणि लंडन तरी कशाला हवं, परळला काय आहे? केईएम आहे, टाटा आहे आणि तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर बैलघोडा आहे, जनावरांचं हॉस्पिटल. सर दिनशा पेटिटांच्या देणगीतून उभं राहिलेलं, त्यांच्या बायकोच्या, साकरबाईंच्या नावाचं. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल, सगळ्यांसाठी. तेव्हा काय मुंबईत माणसं सुखात होती?

मी आठवीत असताना आमच्या कुत्र्याच्या, काळूच्या मानेत किडे पडले. टॅक्सीवाला घेईना, तेव्हा बाबांनी ओळखीच्या भाजीवाल्याची हातगाडी आणली, काळूला गोणपाटात गुंडाळला आणि आम्ही ढकलत ढकलत बैलघोड्यात गेलो. केसपेपर काढला. डॉक्टर चिमट्याने एकेक किडा काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत होते, टक टक आवाज यायचा, आणि बाबा दोन्ही हातांनी काळूचं तोंड धरून त्याला काहीतरी सांगत होते, काय ते मला कधी कळलं नाही. बाबा गिरणी कामगार, संपानंतर मिळेल ते काम करायचे. आमच्या घरातही माणसांचेच हाल होते, काका, तुम्ही बघितलेत.

रात्री कामावरून येताना बाईकमागे कुत्री लागतात, पोरांना चावतात, हे खोटं नाही. इथे रस्त्यावर कुत्रीच नाहीत, मला ते भोगावं लागत नाही, मान्य. पण लालीच्या कानाला खाच आहे, नसबंदी झालेली, रेबीजची लस घेतलेली. असं कुत्रं गल्लीत टिकलं तर ते आपल्याच पोरांसाठी बरं.

खरं सांगू, लालीला मी कधी बघितलेलंच नाही. चौदा वर्षांत चार वेळा आले, त्यात दोनदा बाबांच्या आजारपणात. दादाकडे पाच हजार पाठवले तेव्हा हेही मनात होतं की यादीत आपलं नाव येईल, चाळीतले वाचतील. यादी आली, सगळ्यांच्या नावापुढे खोली नंबर आणि माझ्या नावापुढे "लंडन". त्या काकांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. दादाला रात्रीच फोन केला, लंडन काढ म्हटलं, खोली नंबर 17 लिही.