हे आपलं का?

सकाळी पावणेसातची वेळ. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात गाठ मारलेली पिशवी, भरलेली आणि अजून कोमट. अशा अवस्थेत सोसायटीतल्या एका काकांनी मला अडवलं आणि मोबाइल नाकासमोर धरला.

"मॅडम, हे आपलं का?"

पार्किंगमधल्या खांबाच्या बुडाशी जे होतं, त्याचं वर्णन मी करणार नाही. काकांनी मात्र ते दोन बोटांनी मोठं करून दाखवलं.

"नाही हो काका. आमचं हे इथं आहे." मी पिशवी वर केली.

"ते आजचं. हे कालचं, रात्री नऊ वीसचं."

काका आयुष्यभर हिशेब तपासून निवृत्त झालेत. तपासायला आता दुसरं काही उरलेलं नाही.

"काल रात्री काय खाल्लं होतं?"

"मी?"

"तुम्ही नव्हे हो. त्या फराळानं."

आमच्या लॅब्रेडॉरचं नाव चकली. काका ते तोंडाने घेत नाहीत.

"दहीभात आणि गाजर."

"गाजर..." फोटो पुन्हा मोठा झाला. "केशरी झाक दिसत नाही खरी. पण फ्लॅशमध्ये रंग उडतो. असं करा, पिशवी उघडा. ताडून पाहू."

कुत्रं रोज फिरवलं की माणसाची तब्येत सुधारते, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. पण ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी चकलीबरोबर चालून पाहिलेलं नाही. तिची १५० मिनिटं म्हणजे दहा मिनिटं चाल आणि बाकी वेळ स्कूटरची चाकं हुंगणं. वडापावच्या गाडीखाली सांडलेला चुरा दिसला की ती रस्त्यातच बसकण मारते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण दर चारांतल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एक जनुक बिघडलेलं सापडलं. आमच्या वाट्याला तो चौथा आलाय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुत्रं पाहिजे म्हणून चार दिवस जेवण सोडलेला मुलगा सकाळी घोरत असतो, ते वेगळंच.

चालण्याचा फायदा मिळालाय तो खांद्याला. ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा मजबूत झालाय.

"काका, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला कुत्र्यांवर..."

"ते केंद्राचं. इथं एजीएमचं चालतं. उघडा."

चकली एव्हाना काकांचा हात चाटत होती. "बघा, बघा," काका म्हणाले, "अपराधी माणूसच अशी लाडीगोडी लावतो."

आणि मी पिशवी उघडली. का उघडली, ते मला अजून सांगता येत नाही. काका वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, एकदा मोबाइलकडे, एकदा पिशवीकडे पाहिलं. नेमका त्याच क्षणी हास्यक्लबचा जथा शेजारून गेला. एरवी मुद्दाम हसावं लागतं त्यांना. आज लागलं नाही.

"जुळत नाही," काकांनी निकाल दिला. "पण म्हणून सुटलात असं समजू नका."

मला राग कशाचा आला सांगू? आमच्याच जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात कमरेएवढ्या उंचीपर्यंत लाल पिचकाऱ्या आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे त्या पिचकाऱ्या कायद्यानं अस्तित्वातच नाहीत. त्यांचा फोटो काढून दारोदार "हे आपलं का?" विचारत कुणी फिरत नाही. थुंकणाऱ्याला कुणी तोंड उघडायला लावून ताडून पाहत नाही. मी पिशव्या विकत घेते, दरवर्षी रेबीजची लस टोचून आणते, महापालिकेचा परवाना काढते, कंबर धरून वाकून उचलते आणि तपासणीही माझीच. ज्याचं ते खांबापाशी पडलं होतं, तो इसम रात्री नऊ वीसला हात हलवत घरी गेला आणि सकाळी बहुधा हास्यक्लबात होता.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा संदेश आला. "संशयित क्र. १ यांच्या मालकिणीने स्वेच्छेने नमुना तपासणीसाठी दिला. सहकार्याबद्दल आभार. इतरांनीही सकाळी पावणेसातला आपापल्या पिशव्या घेऊन हजर राहावे."

खाली अकरा अंगठे. त्यातला एक आमच्या घरातूनच, शेजारच्या खोलीतून आलेला.