दोन रुपयांचा थकबाकीदार

मी महापालिकेचा थकबाकीदार आहे. रक्कम दोन रुपये. 'होतो' म्हणायला हवं खरं तर, पण राग अजून उतरलेला नाही, म्हणून वर्तमानकाळच राहू दे.

फ्लॅटच्या एका कामासाठी थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता. अर्ज केला, तर उत्तर आलं की सदर मालमत्ता क्रमांकासमोर येणे बाकी दिसत असल्याने दाखला देता येत नाही. दोन रुपये, अधिक शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. शास्ती दरमहा 2 टक्के, म्हणजे महिन्याला चार पैसे. चार पैशांचं नाणं या देशात कधी पाडलंच नाही, तरी ते माझ्याकडून येणं आहे.

हे दोन रुपये आले कुठून, तर सवलतीतून. मुदतीच्या आत घरपट्टी भरणाऱ्याला सूट मिळते ती पूर्ण बिलावर नाही, बिलातल्या 'सर्वसाधारण कर' या एकाच ओळीवर. टक्केवारी काढली की पैशांची शेपटी राहते. आमच्या ॲपमध्ये ही शेपटी कापून पूर्ण रुपये घेतात, करसंकलनाच्या मागणी रजिस्टरात तीच पुढच्या रुपयाला चढवतात. वर्षाच्या सहामाह्या दोन, म्हणून रुपये दोन. शिवाय भरलेला पैसा आधी नोटीस फी आणि शास्तीत जातो, मग सर्वांत जुन्या बाकीत, आणि उरेल तो चालू मागणीत. त्यामुळे पुढच्या वर्षी तुम्ही चोख भरलंत तरी चालू खात्यात तेवढेच कमी पडतात, आणि ही बाकी कुळाचाराइतक्या निष्ठेने पुढे चालते.

नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत माझ्या मागे एक काका होते. पांढरा सदरा, बगलेत प्लास्टिकची फाइल, आणि दुसऱ्याचं बिल न विचारता हातात घेण्याचा अधिकार. त्यांनी माझं बिल घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आवाज असा की तिसऱ्या खिडकीपर्यंत जावा.

"सर्वसाधारण कर. सफाई कर. अग्निशमन कर. वृक्ष कर. जललाभ कर. मलप्रवाह लाभ कर. पथ कर. मनपा शिक्षण कर. राज्य शिक्षण कर." इथे थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा शेवटचा आपला नाही बरं का. 1962 च्या कायद्याचा आहे. वसूल करायचा आपण, पाठवायचा मंत्रालयाला. दुकान असतं तर रोजगार हमी करही लागला असता, तोही तिकडेच. शिव्या मात्र आपल्या खात्यावर जमा."

'आपण' कोण, ते लवकरच कळलं. काका जकात खात्यातून निवृत्त झाले होते. नाक्यावर नोकरी झाली होती. जकात बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी काकांच्या मनातला नाका चोवीस तास उघडा होता.

"थकबाकी किती?" त्यांनी विचारलं.

"दोन रुपये."

"हजार?"

"नाही हो. दोन. एक अधिक एक."

काकांचा चेहरा पडला. मोठ्या थकबाकीदाराशेजारी उभं राहण्याचा मान हुकला असावा. पण सावरले. "जकातीत ही भानगडच नव्हती. ट्रक आला, आडवा दांडा खाली. बिलटी दाखव, चलन दाखव. मालाप्रमाणे दर, पैसे मोज, पावती घे, दांडा वर. उधारी नाही, सवलत नाही, शास्ती नाही. चोरून आणलास तर दहापट दंड. आणि रात्री हिशेब मिटवला की सकाळी रोकड तिजोरीत! पगाराची तारीख कधी चुकली नाही."

"पण ट्रक तासन् तास उभे राहायचे ना?"

"राहायचे की. राहिले तर काय झालं? आपल्याच शहरात उभे होते."

यावर मला काही सुचलं नाही. मागच्या बाईंनी रांग सरकल्याची आठवण करून दिली. काका पाऊलभर सरकले आणि विषय सरकू दिला नाही.

"मग आणला तो एलबीटी, स्थानिक संस्था कर. 2010 पासून लहान शहरांत, 2013 च्या एप्रिलात पुणे, ठाणे, नागपूर सगळीकडे. नाका काढा म्हणाले, व्यापारी आपली वही बघून आपणच कर भरेल. आपणच! व्यापाऱ्यांनी काय केलं? दुकानं बंद केली. 2015 च्या ऑगस्टात पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला माफी. बाजारात त्याच्यावर उरलं कोण? मुंबईने तेवढा नाका शेवटपर्यंत टिकवला, 2017 च्या जूनअखेरपर्यंत. शहाणी माणसं."

"मग जीएसटी."

"मग जीएसटी." काकांनी हा शब्द एखाद्या सुनेचं नाव घ्यावं तसा घेतला. "1 जुलैपासून सगळं बंद. आता महिन्याच्या महिन्याला राज्य सरकार नुकसानभरपाई देतं. 2016-17 चं उत्पन्न धरायचं, वर्षाला 8 टक्के चढवायचे. पहिला 647 कोटींचा धनादेश मुंबईला समारंभ करून दिला. समारंभ! आपल्याच पैशाचा! आमच्या नाक्यावर कधी हार घातला का कुणी?"

काकांचं रडगाणं बाजूला ठेवलं तरी मुद्दा खोटा नाही. जकात होती तोवर महापालिकेला स्वतःच्या हाताने मिळवलेला मोठा पैसा होता, बाजार वाढला की तो वाढायचा. आता तो ठरावीक हप्ता आहे आणि देणारा दुसरा आहे. मुंबईत ही भरपाई घरपट्टीच्या किती तरी पुढे आहे. शहरात घर विकलं गेलं की मुद्रांक शुल्कासोबत किमतीच्या 1 टक्का अधिभार घेतात, तो महापालिकेचाच, पण जमा होतो राज्याकडे आणि येतो त्यांच्या सवडीने. बांधकाम परवानगीचं विकास शुल्क आहे, वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, आहे. पण बिल्डरांचा हंगाम थंडावला की तेही आटतं. तेव्हा स्वतः दर ठरवावा, स्वतः वसूल करावा असं हाताशी उरतं ते घरपट्टी आणि पाणीपट्टी. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांसाठी अठरा कामांची यादी बाराव्या अनुसूचीत घातली, पण करांची यादी घातली नाही. कोणते कर द्यायचे ते राज्याच्या मर्जीवर सोडलं.

आणि ही घरपट्टी ठरते कशी? समजा 600 चौरस फुटांचं घर आहे. आकारणीच्या वेळी भाडेदर धरला चौरस फुटाला महिना 2 रुपये. वर्षाचे झाले 14,400. दुरुस्तीचे 10 टक्के वजा, उरले 12,960. हे करयोग्य मूल्य. सगळ्या ओळी मिळून कर 40 टक्के असेल तर बिल 5,184. त्या घराचं खरं भाडं आज महिन्याला या वर्षभराच्या बिलाच्या तिप्पट असेल, पण आकारणीत दर राहतो इमारत पहिल्यांदा नोंदली गेली त्या सालचा. म्हणून जुन्या इमारतीतला माणूस शेजारच्या नव्या टॉवरमधल्या माणसाच्या निम्मंही भरत नाही, रस्ता मात्र दोघांचा तोच, आणि खड्डाही. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत धरली, म्हणजे रेडीरेकनरशी, घर-जमिनीच्या सरकारी दरपत्रकाशी, नातं जोडलं. बाकी बहुतेक महापालिका अजून भाड्याच्याच हिशेबात आहेत. दर वाढवायचे तर 20 फेब्रुवारीच्या आत सभेत ठराव हवा. त्या सुमारास नगरसेवक अचानक गरिबांचे कैवारी होतात, आणि प्रशासक असेल तर त्याला वरून फोन येतो.

"पण दोन रुपयांच्या मागे एवढं का लागलेत?" मी काकांना विचारलं. चूक म्हणायची तर ही म्हणा, उत्तर लांबलं.

"वित्त आयोग!" काका म्हणाले. "पंधराव्याने अट घातली होती ना. घरपट्टीची वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या सरासरी वेगाने वाढली पाहिजे, नाही तर अनुदान नाही. म्हणजे तुमचे दोन रुपये इथे अडले की दिल्लीची गाडी तिथे अडली."

"मग बँड आणा म्हणावं माझ्या दारात."

"आणतील की." काका अजिबात हसले नाहीत. "पुण्यात वाजवलाय थकबाकीदारांच्या दारात."

मी हिशेब केला. बिल, मग मागणी नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र, हा रीतसर क्रम. माझ्या रकमेत ताशेवाला काठीही उचलणार नाही, झांजवाला तर जागचा हलणार नाही. जप्तीत काय नेतील? पायपुसणं नेलं तर त्यांनाच मला वरचे पैसे परत द्यावे लागतील.

खरी चीड इथे आहे. आमच्याच गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. टॉवरांवर मालमत्ता कर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगून झालं, तरी ठिकठिकाणी दरावरून आणि शास्तीवरून दावे चालूच आहेत, आणि दाव्यात अडकलेली रक्कम थकबाकीच्या आकड्यात दिमाखात मिरवते. केंद्र सरकारच्या मालमत्तांना घटनेच्या 285 व्या कलमाने कर माफ; त्यांनी सेवा शुल्क द्यायचं, तेही पूर्ण कराच्या काही हिश्शाने आणि बोलणी होतील तेव्हा. वर दर काही वर्षांनी अभय योजना येते, मोठ्या थकबाकीदाराची शास्ती घसघशीत माफ होते. ज्याने वेळेवर भरलं त्याला अभय कशाचं देणार? पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाण्याच्या योजनेसाठी रोखे काढले तेव्हा तिला बाजारात 200 कोटी 7.59 टक्क्यांनी मिळाले. घरपट्टी थकवणाऱ्याला मात्र व्याज वर्षाला 24 टक्के. सावकारीचा कायदा महापालिकेला लागू नाही, एवढं बरं आहे.

असो. खिडकी आली.

"दोन रुपये अठ्ठेचाळीस पैसे," मॅडम म्हणाल्या. "तीन होतील."

मी तीन रुपये पुढे केले.

"दहाच्या खाली पावती निघत नाही."

"मग दहा घ्या."

त्यांनी घेतले, पावती दिली. आता दाखला द्या म्हटलं, तर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "बाकी शून्य दिसायला पाहिजे. तुमची उणे सात दिसतेय."

"म्हणजे तुम्हीच माझं देणं लागता."

"हो, पण शून्य नाही ना."

मागून काका म्हणाले, "नाक्यावर सुट्टे परत द्यायचो आम्ही." या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं.

शेवटी कर निरीक्षकांकडे जावं लागलं. त्यांनी सात रुपये 'आगाऊ जमा' या रकान्यात हाताने वळवले आणि बाकी निरंक करून घेतली. तुमचंही असं झालं तर थेट तिथेच जा आणि 'समायोजन' हा शब्द वापरा. खिडकीवर वाद घालून उपयोग नाही, तिथे संगणकाला तो अधिकारच दिलेला नाही. सोबत गेल्या वर्षीच्या दोन्ही सहामाह्यांच्या पावत्या न्या, ॲपमधलं चित्र चालत नाही, छापील लागते. नाव हस्तांतराचंही काम असेल तर सूची क्रमांक 2, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा (इंडेक्स टू), आणि सोसायटीचं पत्र त्याच फेरीत द्या.

दाखल्याची फी वेगळी पडली, ती थकबाकीच्या कैक पट. दाखल्यावर मुदत 30 सप्टेंबर, कारण 1 ऑक्टोबरला दुसऱ्या सहामाहीची मागणी लागते. सात रुपये त्यातून आपोआप वजा होतील असं निरीक्षकांनी सांगितलंय. बाहेर चहाच्या टपरीवर काका होते. ते म्हणाले, वजा होतील, पण शेपटी कुठल्या बाजूला वळवली ते बघून घ्या.