परिशिष्ट 'ड'

कुलवृत्तांताच्या कुठल्याही समितीत तीनच खाती असतात: देणग्या, जेवण आणि उरलेलं सगळं. तिसरं खातं ज्याच्या घरी प्रिंटर असतो त्याच्याकडे जातं. त्या न्यायाने परिशिष्ट 'ड' माझ्या गळ्यात पडलं. शीर्षक: 'आपल्या पूर्वजांची माहिती मिळू शकेल अशी जगभरातील दप्तरखाने व ग्रंथालये, पत्ते व वेळांसह'. यातलं 'जगभरातील' अध्यक्षांचं, म्हणजे नानाकाकांचं. नाना स्वतः डोंबिवलीहून फार तर कर्जतपर्यंत जातात, पण आपल्या पूर्वजांनी अटकेपार झेंडे लावले असणारच, यावर त्यांचा विश्वास आहे.

मुळात आमचं आडनाव 'कर'वालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावातून जो जो बाहेर पडला तो तो याच आडनावाचा झाला, मग तो भिक्षुक असो, सुतार असो की गुरव. त्यामुळे यातला आपला कोण, हे कागद बघितल्याशिवाय ठरत नाही.

सुरुवात पुण्यापासून केली. तिथलं पुराभिलेखागार म्हणजेच लोकांच्या तोंडी पेशवे दप्तर. १८९१ची दगडी इमारत, आत हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि त्यात कोट्यवधी मोडी कागद. नानांनी विचारलं, "त्यातला पानिपतचा रुमाल कुठला तेवढं लिहून टाक." या दप्तरातून निवडक कागद काढून त्यांचे ४५ खंड छापायला रियासतकार सरदेसाई आणि त्यांच्या मदतनिसांना १९३० ते १९३४ अशी वर्षं लागली. नानांनी मला गणपतीपर्यंतची मुदत दिली होती.

मग वेळांचा रकाना. एका जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात फोन लावला.

"कार्यालयाची वेळ काय हो?"

"पावणेदहा ते सव्वासहा."

"म्हणजे त्या वेळात आलं तर जुनी रजिस्टरं बघायला मिळतील?"

"तुम्ही वेळ विचारलीत, वेळ सांगितली."

माणूस चोख होता. पुढे त्याने आपणहून सांगितलं, की २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना इतकी मागणी आली आहे, की तुमच्या पणजोबांसाठी कोणी रिकामा मिळणं कठीण. मी 'शेरा' असा नवा रकाना पाडला आणि लिहिलं: 'मोडी स्वतः शिकून जाणे.'

गावच्या पातळीवर कोतवाल बुक आहे. गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूची नोंद. शाळेचं जनरल रजिस्टर आहे, पण त्यातून आमच्या खानदानातला प्रत्येक पुरुष १ जूनला जन्मला असं निष्पन्न होतं. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आणि त्या खरोखर अद्भुत: गाव सांगितलं की आजोबा कधी कोणाच्या अस्थी घेऊन आले होते ते त्यांच्याच अक्षरात दाखवतात. पत्ता विचारला तर गुरुजी म्हणाले, "रामकुंडावर या आणि गावाचं नाव घ्या, माणूस आपोआप मिळेल." पिनकोडच्या रकान्यात हे बसेना.

आता परदेश. कोकणातून मजुरीला मॉरिशसला गेलेल्यांची रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. १८३४पासून तिथे उतरलेल्या साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज, सगळं लिहून वर प्रत्येकाला एक क्रमांक. इतकी नेटकी नोंद आमच्या सोसायटीच्या पार्किंगचीही नाही. पण मजूर म्हटल्यावर नाना कुरकुरले. "ते शेवटी घाल," म्हणाले.

लिस्बनचं मात्र त्यांनी वर घ्यायला लावलं. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून जो पत्रव्यवहार चाले, त्याच्या जाडजूड पोथ्यांपैकी काही पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत आणि काही लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दप्तरखान्यात. सगळं पोर्तुगीजमध्ये. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे कागद, फळ्या एकापुढे एक लावल्या तर चौदा किलोमीटर. आणि अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी. तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १८९४पासून जगभरच्या वंशावळी जमवल्यात, डोंगर पोखरून त्यात मायक्रोफिल्म ठेवल्यात. त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत. नाना गप्प झाले. "म्हणजे बुडी मारायला हरिद्वार आणि वही बघायला अमेरिका?"

एवढं सगळं उपसताना दप्तरांचा एक स्वभाव माझ्या लक्षात आला, तो मला नानांच्या कानावर घालावा लागला. सज्जन माणसाची नोंद ठेवायचं सरकारला काही कारणच नसतं. सारा थकवला, बांध कोरला, वतनावरून भाऊबंदांशी तंटा केला, की नाव कागदावर चढतं. १८५२च्या इनाम कमिशनने जमिनींचे हक्क तपासायला काढले, तेव्हा इनामदार आपापल्या वंशावळी घेऊन धावले. प्रेमापोटी नव्हे, जमीन जाईल म्हणून. सात पिढ्या नाकासमोर चाललेल्या माणसाचा दप्तरात मागमूस नाही, आणि चुलतभावाचा फणस तोडणारा तारीखवार हजर.

"आपल्या कुळात भांडखोर कोणी नव्हतंच," नाना ठामपणे म्हणाले.

नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात हापूसच्या चार कलमांवरून मी शाळेत होतो तेव्हापासून दावा चालू आहे. जबान्या, नकाशे, पंचनामे, वर अपील. दोनशे वर्षांनी आमच्यातल्या कोणाचा ठावठिकाणा लागलाच तर तो नानांचाच लागणार. हे मी त्यांना मोठ्या आदराने सांगितलं. ते खूश झाले आणि दाव्याचा नंबर परिशिष्टात घालता येईल का, असं त्यांनी विचारलं.

मसुदा कुळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खऱ्या सूचना आल्या. मोडीबद्दल एकही नाही. बडोद्याच्या आत्याचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी साधं जेवण कुठे मिळतं ते हवं. एका वहिनींनी 'जवळची प्रेक्षणीय स्थळे' असा रकाना सुचवला. कोणीतरी विचारलं, लिफ्ट आहे का. शेवटी 'राहण्याची सोय' हा रकाना बहुमताने मंजूर झाला. त्यात हॉटेलं नकोत, आपली माणसं हवीत, असंही ठरलं.

तेव्हापासून मी दप्तरखान्यांऐवजी नातेवाइकांची यादी करतोय. पुण्याला पाच घरं, मुंबईला अगणित. मॉरिशसला अर्थातच कोणी निघत नाही, कारण ती शाखा शेवटी घालायची आहे. सॉल्ट लेक सिटीसाठी न्यू जर्सीच्या चुलतभावाने उत्साहाने कळवलं, "पाठव कोणालाही, अमेरिकेतच तर आहे." मधे जवळजवळ अख्खी अमेरिका पसरली आहे, हे त्याला कोण सांगणार? लंडनच्या रकान्यात नानांनी परस्पर आपल्या भाचीचं घर भरून टाकलंय: 'चौदा किलोमीटर कागद असल्याने किमान महिनाभर मुक्काम. सकाळी फक्त पोहे.' भाचीला अजून कोणी कळवलेलं नाही. ते काम उरलेल्या सगळ्यात मोडतं.