‘तुकडा काढला की कॅन्सर पेटतो’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझी धाकटी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि गेली तीस-पस्तीस वर्षे मिश्री लावते. तिच्या खालच्या हिरडीलगत, गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा उठला होता. दाताच्या डॉक्टरांनी तो पाहताच तुकडा काढून तपासणीला पाठवायला सांगितले. त्यानंतर तिने दीड महिना काहीही केले नाही, कारण भावकीच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला एक संदेश तिला कोणीतरी वाचून दाखवला होता.

त्या संदेशात पाच दावे आहेत: तोंडातला चट्टा डिवचू नये कारण तुकडा काढला की कॅन्सर पेटतो, चट्टा दुखत नसेल तर तो साधा असतो, सुपारी आणि मिश्री नैसर्गिक असल्याने निर्धोक, हळद आणि तूप चाळीस दिवस लावल्यास चट्टा जातो, आणि तपासणी शिबिरे हा दवाखान्यांचा धंदा आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्याच्यावरच अधिक बोलतो. तोंडातला तुकडा काढताना तेवढीच जागा बधिर करतात, तांदळाच्या दाण्याएवढा भाग घेतात आणि गरज असेल तर एखादा टाका घालतात. चट्टा साधा आहे, पेशींत बदल सुरू झाले आहेत की कॅन्सरच आहे, हे त्याशिवाय खात्रीने ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार सुरू करत नाही. काही मोजक्या अवयवांच्या गाठींत, उदाहरणार्थ वृषणाच्या, सुई घालणे डॉक्टर स्वतःच टाळतात, एवढे मान्य करावे लागेल. परंतु तो नियम तोंडाला लागू नाही.

मग ‘तुकडा काढला आणि तीन महिन्यांत माणूस गेला’ हा गावोगावी सांगितला जाणारा अनुभव कुठून येतो? आपल्याकडे बरेच रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात पोहोचतात तेव्हाच रोग गळ्यातल्या गाठींपर्यंत उतरलेला असतो. तुकडा काढला जातो, अहवाल यायला काही दिवस लागतात, मग पैशांची जुळवाजुळव, कोणाच्या तरी सांगण्यावरून झाडपाल्याचा प्रयोग, आणि यात दोन-तीन महिने निघून जातात. रोग या काळात आपल्या गतीने वाढत राहतो आणि दोष मात्र कात्रीला दिला जातो. असा संदेश पुढे पाठवणारा माणूस हा विलंब आणखी लांबवत असतो, आणि याबद्दल मला संताप वाटतो.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे ही तेवढीच मोठी चूक आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून अधिक धोक्याचा मखमली लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न जाण्याइतके कमी झालेले उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर वेदनेची वाट पाहू नये. तोंड आखडण्याचा हा शेवटचा विकार मुख्यतः सुपारीमुळे होतो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले आहे. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. हळदीतल्या घटकावर प्रयोगशाळांत अभ्यास झाले आहेत, हे खरे. त्यावरून चाळीस दिवस तपासणी टाळण्याचा सल्ला निघत नाही.

शिबिरांच्या नावाखाली अनावश्यक चाचण्या विकल्या जाऊ शकतात, हा संशय मी सरसकट फेटाळणार नाही. मात्र तोंडाच्या तपासणीला बॅटरी, चांगला उजेड आणि शिकवलेली नजर एवढेच लागते, आणि त्याचा उपयोग होतो की नाही याचे उत्तर केरळने दिलेले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून 13 पंचायत गटांतील 35 वर्षांवरील सुमारे 1 लाख 92 हजार लोकांवर अभ्यास झाला. काही गटांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर तीन वर्षांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली, उरलेल्या गटांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तपासणीमुळे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. सर्व लोकसंख्या एकत्र धरली तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ज्याला व्यसन आहे त्यानेच तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे, आणि तिचे पैसे पडत नाहीत. गावातल्या आशाताईंना विचारले तरी जवळचे केंद्र कळते.

मावशीला अखेर मी स्वतः घेऊन गेलो. पंधरा मिनिटांत तुकडा काढून झाला आणि संध्याकाळी ती गार ताक-भात जेवली. अहवालात कॅन्सर नाही, पण पेशींत बदल सुरू झाल्याचे लिहिले आहे. तो चट्टा आता काढून टाकायचा आहे आणि पुढे ठरावीक काळाने तपासणी करत राहायची आहे. मिश्री सुटणे तिला जड जात आहे, म्हणून तंबाखूच्या पुड्यांवर छापलेल्या 1800-11-2356 या विनामूल्य क्रमांकावर तिला फोन लावून दिला. हा अहवाल, तिच्या संमतीने, मी त्याच भावकीच्या गटावर टाकला आहे.