छातीवर बॉल घ्यायची सवय म्हणे! लॅक्रॉसच्या 'पाच मंत्रां'ना उत्तर

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकनं बॉल झेलत-फेकत गोल मारायचा खेळ. त्यावर 'लॅक्रॉसमध्ये गोल मारायचे पाच मंत्र' असा एक फॉरवर्ड फिरतोय, लिहिणाऱ्याचं नाव नाही की गाव नाही. तो आमच्या आक्काला आला, तिनं भाचीच्या सरांना पाठवला आणि सर म्हणाले करून बघूया की. म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतपण नाही. कोल्हापुरात हा खेळ अजून कुणाला धड माहीत नाही, त्यामुळं कोणपण काहीपण सांगतंय आणि ते खपतंय.

पहिला मंत्र, रोज भिंतीवर 500 शॉट, सगळे फुल ताकदीनं. आता यातलं भिंतीचं बरोबर आहे, मान्य करावंच लागतंय, एकट्यानं सराव करायला भिंतीसारखं दुसरं काही नाही. पण तिथं करायचं असतं ते पास आणि कॅच, दोन्ही हातांनी. नुसती ताकद लावून हात दमला की चुकीची अ‍ॅक्शनच पक्की होते. गोल 6 फूट बाय 6 फूट, त्यातला बराचसा गोलीच, म्हणजे गोलकीपरच, अडवून उभा असतो, तिथं वेगाइतकाच नेम लागतो, स्टिक वर दाखवून बॉल खाली टाकणं लागतं, टप्पा टाकून मारणं लागतं.

दुसरा, उलट्या हाताचा सराव म्हणजे टाइमपास. हे लिहिणाऱ्यानं स्टिक हातात धरली नसणार. डिफेंडर उजवीकडनं आला की स्टिक डाव्या हातात घेऊन अंगाआड लपवायची असते, आणि तुम्ही एकाच बाजूला पळताय हे कळलं की तो तिथंच येऊन उभा राहतोय.

आता तिसरा, ज्याच्यामुळं माझं डोकं फिरलं. 'शूटिंगच्या सरावात गोलीला छातीचं पॅड देऊ नका, छातीवर बॉल घ्यायची सवय झाली की भीती मोडते, फक्त हळू मारा.' अहो, लॅक्रॉसचा बॉल म्हणजे भरीव रबर, 142 ते 149 ग्रॅमचा, क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडासाच हलका. आणि हळू मारला की काही होत नाही हे तर साफ खोटं. कमोशिओ कॉर्डिस म्हणून प्रकार आहे, हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी छातीवर फटका बसला तर धडधाकट पोरगंसुद्धा जागेवर कोसळतं, बरगडी मोडलेली नसते की काही नसतं, हृदयाची लय बिघडते. 1998 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यावर प्रयोग छापून आलाय. भूल दिलेल्या डुकराच्या पिल्लांच्या छातीवर बेसबॉलएवढ्या वजनाची वस्तू तासाला 48 किलोमीटरनं मारली. तो क्षण सेकंदाच्या साधारण सत्तराव्या भागाएवढा, पण त्यात बसलेल्या 10 फटक्यांपैकी 9 वेळा हृदयाची लय गेली. 48 म्हणजे आपली गाडी रंकाळ्याच्या रस्त्यावर जाते तेवढाच वेग! मऊ बॉलनं हा धोका कमी होतो हेही त्यातच दिसलं. पॅड घातलं म्हणजे शंभर टक्के वाचतो असंही नाही, पण म्हणून काढून ठेवायचं? आणि सवय कसली लावताय, हृदयाला सवय लागत नसते. आमच्या भाचीच्या बॅचमध्ये मुली पाळीपाळीनं गोलमध्ये उभ्या राहतात. हेल्मेट, गळ्याचा गार्ड आणि छातीचं पॅड नसेल तर तिथं कुणी उभं राहायचं नाही, गोलच्या चार कोपऱ्यांना जुने टी-शर्ट बांधा आणि त्यांच्यावर नेम धरा. गोली पाहिजेच असेल तर हे सगळं घालूनच, आणि टेनिस बॉल घ्या.

चौथा, बॉल ज्याच्याकडं त्यानंच घुसायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅच बघत मोठं झालेल्या गावाला हे सांगताय? बॉल नसलेल्यांनी पळून जागा मोकळी केली नाही तर घुसणाऱ्यावर तिघं धावून येतात. सिक्सेस म्हणजे सहा-सहा जणांच्या प्रकारात तर 30 सेकंदात शॉट घ्यावा लागतो, तिथं नुसतं बघत उभं राहून कसं चालंल?

पाचवा, आत्ता सुरू केलं की 2028 चं ऑलिम्पिक पक्कं. लॉस एंजेलिसला लॅक्रॉस आहे हे खरं, 2023 च्या ऑक्टोबरात ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतल्याच बैठकीत क्रिकेटबरोबर ते ठरलं. पण पुरुषांचे 6 आणि महिलांचे 6, एवढेच संघ जाणार सगळ्या जगातनं. सातवीतल्या पोरीच्या आईला असलं दाखवून कुणी जादा फी मागितली तर देऊ नका. आक्का, तू तर अजिबातच नको.